सड्यावरची अकरा रोपं

सड्यावर, कोकणातल्या उघड्या कातळपठारावर, पाऊल टाकण्याआधी मामा चपला काढून हातात घेत. "पायाखाली कोन येतंय ते कळाय पायजे की," म्हणत. कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र विभागाचे शिपाई, मी प्राध्यापक.

बोलणं मोजकं, पण बोचरं. आणलेली झाडं आम्ही वर्तमानपत्रांत दाबून वाळवायचो. रोज सकाळी ओले कागद बदलायचं काम त्यांचं. एखादी पाकळी दुमडली की मला ऐकू जाईल असं पुटपुटत, "चांगलं बसलं हुतं आपल्या घरात, आनलं धरून."

ते फूल त्यांनाच दिसलं. देवगडकडं, समुद्रालगतच्या सड्यावर, करवंदीच्या जाळीत. वीतभर रोप, फिकट जांभळं फूल. पुस्तकात नोंद होती, आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. पावसाळ्यात उगवायचं, दिवाळीच्या आत वाळायचं. पुढच्या वर्षी यायचं ते पडलेल्या बियांतूनच. अकरा रोपं होती. रिवाजाप्रमाणे मी मुळासकट उपटू लागलो. एक आमच्या संग्रहाला, बाकीची दुसऱ्या कॉलेजांना पाठवायला.

"सर, बी धरू द्या की. पंधरा दिसांनी परत येऊया."

"मामा, पिशवी धरा."

"परसाद हाय व्हय, सगळ्यास्नी वाटायला?"

मी अकराही उपटली.

पुढच्या वर्षी तिथं एकही उगवलं नाही. विभागप्रमुखांनी जाब विचारला तेव्हा मामा शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "मामांना कळलं नाही. त्यांनी सगळीच उपटली." मामांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग ओले कागद बदलायला गेले. आठवड्याभरात त्यांना सायकल स्टँडवर पाठवलं.

निवृत्त होईपर्यंत ते तिथं पत्र्याखाली एकटेच बसत. दर वर्षी पाऊस ओसरला की रजा टाकून एसटीनं सड्यावर जात, जाळ्या धुंडाळून रिकामे परत येत. हे मला इतरांकडून कळे. मला मात्र ते नुसता नमस्कार करत. टोमणासुद्धा कधी मारला नाही.

गेल्या वर्षी मामा वारले. दिवसकार्याला गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. त्यांच्या मुलीनं चहा हातात देत हळूच विचारलं, "सर, बाबांनी खरंच उपटलीती व्हय ती झाडं? आईला शेवटपर्यंत पटलं न्हाई."

"जाऊ दे बाई, जुनी गोष्ट," असं म्हणून मी चहा संपवला.

त्यानंतर दोनदा तिच्याकडं जायला निघालो आणि दोन्ही वेळा शाहूपुरीच्या कोपऱ्यावरून मागं फिरलो. म्हणून आधी इथं लिहितोय: ती झाडं मी उपटली, मामा नको म्हणत असताना. हे छापून आलं की तिसऱ्यांदा जाईन. दार उघडायचं की नाही, हे तोवर तिला ठरवता येईल.