कोळशाचं वाकडं नाक

अमरावतीहून अकोल्याला जाताना एसटीत शेजारच्या म्हाताऱ्या काकांच्या मांडीवर दुपट्ट्यात गुंडाळलेली फ्रेम होती. ते ती सारखी उघडत आणि लगेच झाकत. आतल्या फोटोतली बाई फार देखणी होती.

"काकू का?" मी विचारलं.

"लोकं तसंच म्हन्तात. मले त वाटते, दुसऱ्याचीच बायको घरी नेऊन राहिलो."

त्यांची बायको एकही फोटो न काढता वारली. लहानग्या लेकीनं तेव्हा भिंतीवर कोळशानं मायचं चित्र काढलं होतं. यंदा जावयानं मोबाइलमधल्या एका ॲपनं त्या चित्रावरून खऱ्या बाईसारखा फोटो करून दिला. छोट्या पडद्यावर तो चांगला वाटला, म्हणून काकांनी आनंदानं भिंतीला चुना मारला. आज तोच फोटो मोठा होऊन हातात आला होता.

"भिंतीवर नाक वाकडं होतं, पन तिचंच होतं. तू शिकून राहिली न पोरी? याचं पुन्हा ते चित्र करता येते काय?"

फोटोचं चित्र करणारं ॲप माझ्याकडे होतं. पण त्यातूनही हीच बाई निघाली असती.

"नाही येत, काका."

त्यांनी फ्रेम उलटी केली आणि मागच्या पुठ्ठ्यावर बोटानं हळूहळू एक नाक काढलं.

माझ्या बॅगेत पेन्सिल होती. ती द्यावी, हे मला ते बोरगावला उतरून गेल्यावर सुचलं.