परवाना आणि कानबाईचा सोमवार

कुणी आपल्याला आलेला देवाचा अनुभव सांगू लागलं की मी मान हलवते आणि विषय बदलायची वाट बघते. खोटं वाटतं म्हणून नाही. ऐकताना मला अवघडल्यासारखं होतं, जणू कुणाच्या घरात न विचारता शिरले आहे. म्हणून माझाच अनुभव लिहायला मला दीड वर्ष लागलं. त्यातही एक गोष्ट अशी आहे की ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगणं बरोबर होणार नाही. ती शेवटी येईल.

मी वैमानिक आहे. सुरतमध्ये लिंबायतच्या एका गल्लीत वाढले. पप्पा पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवण्याच्या खात्यात आहेत. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, गावाकडची जमीन विकली गेली, आणि मला विमान चालवण्याचं लायसन्स मिळालं. पण उड्डाणाचे तास कमी असलेल्या वैमानिकाला इथे कुणी घेईना, म्हणून पूर्व आफ्रिकेतल्या एका देशात छोट्या कंपनीत लागले. बारा माणसांचं, एका इंजिनाचं विमान. पर्यटकांना न्यायचं, कधी औषधं, कधी शाळेची पुस्तकं. तिथे मी परदेशी. कामाचा परवाना एका वर्षाचा, आणि त्यावर स्पष्ट छापलेलं, की या जागेसाठी देशाचा नागरिक मिळाला तर परवाना पुढे चालणार नाही. वर्ष संपलं. त्याचं नूतनीकरण झालं नाही. दोन आठवड्यांत सामान बांधून मी घरी परतले. माझ्यासोबत आणखी एक जण परतला, नेपाळचा. आम्ही एकाच घरात राहायचो, तो वरच्या खोलीत, मी खालच्या. त्याला चार वर्षांची मुलगी होती. तिचं चित्र त्यानं आपल्या लॉगबुकच्या, उड्डाणं नोंदवायच्या वहीच्या, पहिल्या पानावर चिकटवलं होतं.

घरी आल्यावरचे सहा महिने आठवायला मला आवडत नाही. सकाळी पप्पा कामावर गेले की मी लॅपटॉप उघडून बसायची, जगातल्या कुठल्या कुठल्या कंपन्यांना अर्ज पाठवायची. बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. ज्यांचं यायचं ते एकच विचारायचे, तुमच्याकडे आमच्या देशात काम करायचा हक्क आहे का. खिडकीबाहेर कापडाच्या लूमचा आवाज दिवसभर चालू असायचा. शाळेत असताना त्या आवाजात माझा अभ्यास व्हायचा. आता तो ऐकला की वाटायचं, सगळी गल्ली काम करते आहे, एक मी सोडून. समोरच्या निर्मलामावशी भाजी निवडता निवडता विचारायच्या, "काय व, विमान पंक्चर झालं का तुझं?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी हसायची आणि आत येऊन दार लावून घ्यायची. जेवण कमी झालं. आई ताटातली उरलेली भाकरी झाकून ठेवायची.

श्रावणाच्या तोंडावर जुन्या कंपनीची मेल आली. एका जागेसाठी परवानगी मिळण्यासारखी होती. दोन वर्षांचा परवाना. मला आणि त्या नेपाळच्या सहकाऱ्याला एकच पत्र होतं. ज्याचे कागद आधी पूर्ण होतील त्याचा अर्ज पुढे जाईल. माझं सगळं तयार होतं, फक्त पोलिसांचा दाखला नव्हता. त्यासाठी अर्ज केला. शनिवारी एका कॉन्स्टेबलचा फोन आला. ते गुजरातीत बोलत होते. सोमवारी सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान पडताळणीला येतो, घरीच राहा, दोन शेजारी साक्षीला ठेवा. मंगळवारपासून त्यांची बंदोबस्ताची ड्युटी होती. सोमवारी भेट झाली नाही तर फाइल 'पत्त्यावर आढळली नाही' असा शेरा मारून परत जाणार होती.

सोमवारी सकाळी आमच्याकडे कानबाईचं विसर्जन होतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांतून कानबाई बसते आणि दुसऱ्या दिवशी बायका तिला डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. हे मला फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. साहेब, आमच्याकडे देवी आहे, दुपारी याल का, किंवा मीच ठाण्यात येऊ का. मी सांगितलं नाही. शाळेत असताना मी कानबाईची सुट्टी कधी खरं कारण सांगून घेतली नाही. पोट दुखत होतं असं लिहून द्यायची. घरी अहिराणी बोलतात हेही मैत्रिणींना माहीत नव्हतं. कंट्रोल टॉवरशी मी न अडखळता बोलते, पण त्या माणसाशी 'कानबाई' हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. "हो सर," म्हणाले आणि फोन ठेवला.

दरवर्षी देवी काकू उचलायची. काकांचा कारखाना बंद पडला आणि ती दोघं धुळ्याला परत गेली. आईचा गुडघा आषाढात घसरून पडल्यापासून दुखत होता. पप्पांची सोमवारी पहिली पाळी होती, रविवारची रजा आधीच घेतलेली. सकाळी आरती झाली, बायका गल्लीत जमल्या, आणि मी आईला हळूच सांगितलं की मी घरी थांबते, पोलीस येणार आहेत. आईनं माझ्याकडे पाहिलं. रागावली नाही. "माय, तू ऱ्हायनी ते देवीले कोन उचली?" एवढंच म्हणाली. देवी घरच्यांनीच उचलायची असते, आणि घरात खरंच दुसरं कुणी नव्हतं. मी श्रद्धेनं गेले असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी गेले, कारण मला नाही म्हणता येत नाही. डोक्यावर चुंबळ ठेवली, तिच्यावर पाट, पाटावर देवी. दाराला कुलूप लागलं तेव्हा घड्याळात नऊला दहा मिनिटं कमी होती. मला वाटलं, झालं, सहा महिने ज्याची वाट पाहिली ते मी स्वतःच्या हातानं बंद करून निघाले.

तापीचा ओवारा, म्हणजे घाट, आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. पुढे वाजंत्री, मागे बायकांची गाणी, मधेच कुणी फुगडी घालायला थांबायचं. फोन आईच्या पिशवीत होता. डोक्यावर देवी असली की मान हलवता येत नाही, म्हणून मी फक्त समोर पाहत चालत होते, आणि मनात एकच वाक्य होतं. तेही प्रार्थनेचं नव्हतं. काय करायचं ते कर, मला आता काही येत नाही. असं मी तिला म्हणाले. चांगल्या शब्दांत म्हणाले नाही.

नदीच्या अलीकडच्या वळणावर वाजंत्री अचानक थांबली. बाजूला मोटरसायकल उभी राहिली होती. खाकी कपड्यातले एक गृहस्थ उतरून बायकांना माझं नाव विचारत होते. मग निर्मलामावशी म्हणाल्या, "काय केलं हो साहेब पोरीनं? विमान पळवलं का?" कुणीतरी हसलं. ते माझ्याजवळ आले आणि यायच्या आधी त्यांनी बूट काढून रस्त्याच्या कडेला ठेवले. मी तोंड उघडलं, पण माफी कुठल्या भाषेत मागायची ते सुचेना. तेच बोलले, आणि अहिराणीत बोलले. "दारले कुलूप व्हतं. पन तोरन दिखनं, उंबरावर हळदना पाय दिखनात. माले समजनं, लोके पळी नही गयात, देवीसंगे गयात."

त्यांचं घर मूळचं नंदुरबारकडचं, असं ते पुढे चालता चालता आईला सांगत होते. गल्लीतले सगळे याच ओवाऱ्यावर येतात हे त्यांना ठाऊक होतं. फोन त्यांनी पाच-सहा वेळा केला होता. देवी वाटेत खाली ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी मला थांबवलं नाही. माझ्या शेजारून अनवाणी चालत एकेक प्रश्न विचारला. कधीपासून राहता, आधी कुठे होता, कुठली केस वगैरे नाही ना. मी समोर पाहत उत्तरं दिली. विसर्जन होईपर्यंत ते पायरीवर थांबले. मग माझ्या ओल्या हातांनी मी सही केली, निर्मलामावशींनी आणि शेजारच्या एका काकांनी आरतीच्या ताटावर कागद ठेवून साक्षीच्या सह्या केल्या. त्या गृहस्थांनी देवी सोडली त्या जागेला नमस्कार केला आणि गेले. छातीवरची नावाची पट्टी वाचायचं माझ्या लक्षातच आलं नाही. पुढच्या आठवड्यात पेढे घेऊन ठाण्यात गेले तर पडताळणीवाले सगळे बंदोबस्तावर होते. त्यांच्या नंबरवर फोन लागला नाही, आणि नाव माहीत नसताना कुणाची चौकशी करणार? पेढे तिथल्या टेबलावर ठेवून आले.

दाखला बुधवारी मिळाला. परवाना तीन आठवड्यांनी आला. आईनं तो कागद देवापुढे ठेवला, पप्पांनी चष्मा लावून दोनदा वाचला, इंग्रजी येत नसताना. त्याच दिवशी त्या नेपाळच्या सहकाऱ्याचा निरोप आला. "अभिनंदन. माझे कागद एक दिवस उशिरा पोचले."

एक दिवस. मी फोन उपडा ठेवला. सोमवारी ते गृहस्थ आमच्या दारातूनच परत गेले असते तर ही जागा त्याची होती. देवीनं मला हात दिला असं मी मनात म्हणत आले होते. पण तसं म्हटलं तर तिनं त्याला हात दिला नाही असंही म्हणावं लागेल, आणि ते माझ्या तोंडून निघणार नाही. बरेच दिवस मला आनंद झाला नाही. शेवटी आईला सांगितलं. ती म्हणाली, "दिवा लावशी तवय त्यानं बी नाव ले."

आता मी पुन्हा त्या देशात आहे. सकाळी उड्डाणाआधी खोलीत दिवा लावते. त्या अनवाणी चाललेल्या माणसासाठी हात जोडते. कुणी विचारलं तर आमच्याकडे कानबाई असते हे सांगते, अडखळत का होईना. परवाना सात महिन्यांनी संपेल. अर्ज वेळेवर करीन, कागद पूर्ण ठेवीन. त्यापुढचं माझ्या हातात नाही, आणि पूर्वी ही गोष्ट शिक्षेसारखी वाटायची तशी आता वाटत नाही. मिळालं ते माझ्या लायकीनं मिळालं असं मी धरत नाही, आणि ज्याला मिळालं नाही तो कमी होता असंही नाही. एवढंच मला कळलं आहे, यापेक्षा जास्त कळल्याचा आव मी आणणार नाही.

त्याला अजून काम लागलेलं नाही. मी त्याचं नाव रोज घेते.