सालीचं कापड, परत करण्याच्या अटीवर

युगांडाला समुद्र नाही, त्यामुळे तिथल्या वस्तू पळवून न्यायला गोऱ्यांना जरा जास्त कष्ट पडले असतील, असं मी एका पत्रकात लिहिलं होतं. माझ्या मित्राने ते वाचून कपाळाला हात लावला. "कॉम्रेड," तो म्हणाला, "आमच्याकडे असलं सरोवर आहे की पलीकडचा काठ दिसत नाही. चोरांची काही गैरसोय झाली नाही."

तो युगांडाचा, मी पुण्याची. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात आम्ही एकाच खोलीत बसून पीएचडी करत होतो. उपग्रहांनी काढलेल्या चित्रांवरून जंगल किती उरलंय ते शोधायचं, असलं काम. पत्रकं लिहायला मी पुण्यात शिकले, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या ओट्यावर. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी, मध्ये रडगाणं नको. आणि चळवळीचा दुसरा धडा: मिळेल ते आज पदरात पाडून घ्यायचं, उरलेल्यासाठी उद्या परत रस्त्यावर. इथे आल्यावर माझी मागणी एकच होती, लुटलेलं परत करा. शनिवारी आम्ही काही जण म्युझियमच्या दाराशी पत्रकं वाटायचो. डच माणसं ती हसून घ्यायची, आभार मानायची, आणि कोपऱ्यावरच्या डब्यात टाकायची. कागदाच्या डब्यात. ओल्या कचऱ्यात कधीच नाही.

मित्र माझ्याबरोबर कधी आला नाही. तो म्हणायचा, तू भांड, मी तुझ्यासाठी भात ठेवतो.

महामारीच्या आदल्या वर्षी तो मला त्याच्या गावी घेऊन गेला. मसाका नावाचं शहर आहे, त्याच्या पुढे. लाल रस्ते, केळीच्या बागा, आणि बागांमधून उभी एक प्रकारची झाडं, आपल्या वड-पिंपळाच्याच कुळातली. त्यांची साल सबंध उतरवतात. उघड्या पडलेल्या खोडाला लगेच केळीची पानं गुंडाळतात, जखमेला पट्टी बांधावी तशी, की पुढच्या वर्षी नवी साल येते. उतरवलेली साल एका मोकळ्या छपराखाली लाकडी मोगऱ्यांनी ठोकत बसायचं. ठोकून ठोकून ती कित्येक पट रुंद होते, मऊ पडते, आणि उन्हात ठेवली की भाजल्या विटेचा रंग धरते. विणलेला एक धागा नाही, पण कापड. मी हात लावला तर जुन्या गोधडीसारखं लागलं.

त्याच्या आईने मला मुलगीच म्हणायला सुरुवात केली होती. तिची इंग्रजी आणि माझी लुगांडा सारखीच, म्हणजे शून्य, मध्ये दुभाषी म्हणून मित्राची धाकटी बहीण. हे कापड कशासाठी, असं मी विचारलं. आई म्हणाली, पूर्वी नेसायचे, राजाच्या गादीला लागायचं, आता मुख्य म्हणजे मेलेल्या माणसाला. घरचा प्रत्येक जण एकेक घेऊन येतो, एकावर एक गुंडाळतात. हे नसेल तर माणूस उघडा गेला. आमच्यात पांढरं, असं मी सांगितलं. तिला ते फार गार वाटलं.

परत आल्यावर मी त्याला मुद्दाम म्युझियममध्ये नेलं. तिथे काचेमागे तेच कापड होतं, तेवढंच मोठं. खाली पाटी: सालीचं कापड, पूर्व आफ्रिका, एका मिशनऱ्याकडून भेट. मी नेहमीप्रमाणे तोंड सोडलं. तो काचेजवळ वाकला. मग म्हणाला, "हे कुणीतरी कुणासाठी तरी ठोकून घेतलं असणार. तो बिचारा तसाच गेला."

दुसऱ्या लाटेत तो आजारी पडला. हुइसआर्ट्सला, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरला फोन केला की पॅरासिटामोल घ्या आणि घरी बसा, हे ठरलेलं उत्तर. इथे सगळ्यांनाच ते मिळतं, त्यालाही मिळालं. मी दाराबाहेर डबा ठेवून यायचे. मग डबा तसाच राहायला लागला. हॉस्पिटलने त्याला आत घेतलं, मला नाही. आणि एका सकाळी एका नर्सने मला फोन केला, कारण फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून त्याने माझा नंबर दिला होता.

त्याला घरी पाठवता येणार नव्हतं. अशा मृतदेहासाठी कागद जुळेनात, विमानं मिळेनात. इथल्या कायद्याने थोड्याच दिवसांत पुरायचं होतं. गावाहून काही पाठवलं तरी पार्सल वेळेत पोचलं नसतं. त्याच्या आईची एकच मागणी आली, फोनवर, बहिणीच्या तोंडून: त्याला कापड मिळू दे. बाकी तुमच्या पद्धतीने करा.

मला हात पोचेल असं कापड या देशात एकच माहीत होतं.

म्युझियम बंद होतं, पण संग्रहाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंचा नंबर मी मिळवला. फोनवर मी अख्खं पत्रक म्हणून दाखवलं, चोरी, वसाहत, मिशनरी, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दफन कधी आहे?" इतकी वर्षं मी ओरडतेय, पण त्या इमारतीतून मला आलेला हा पहिला प्रश्न.

त्यांची समिती स्क्रीनवर भरली आणि चक्क हो म्हणाली. अट अशी: शवपेटी बंदच राहणार, तेव्हा कापड पेटीवर पांघरायचं. जमिनीत जाऊ द्यायचं नाही. विधी संपला की परत. इतकी वर्षं जपलेलं आहे, असं कारण. जपलेलं! ज्याचं काम मातीत जाणं तेच आहे, ते वातानुकूलित खोलीत जपलेलं. तरी मी सही केली. चळवळीचा धडा होता ना, आज मिळतंय ते घे. एकदा त्याच्या आईने फोनच्या पडद्यावर ते पेटीवर पाहिलं की मग कोण माईचा लाल ते ओढून काढतो, बघू.

दफनाला मोजक्याच माणसांना परवानगी होती. खुर्च्या लांब लांब, मास्क, आणि ज्याला त्याचं नावही धड उच्चारता येत नव्हतं असा दफनसंस्थेचा गृहस्थ. भुरभुर पाऊस. म्युझियमच्या बाईंनी पांढरे हातमोजे घालून पुठ्ठ्याच्या मोठ्या खोक्यातून कापड काढलं आणि शवपेटीवर अंथरलं. करड्या दिवसात तो विटेचा रंग एकदम जिवंत दिसला. मी व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला. पलीकडे अंगणात सगळं गाव दाटलं होतं. आई स्क्रीनच्या अगदी जवळ आली, काहीतरी बोलली. बहीण म्हणाली, "आई म्हणतेय, आमच्याकडचंच आहे. ठोकण्याची रीत ओळखीची आहे." मग त्यांचं गाणं सुरू झालं. रडण्यासारखं, पण चालीत.

गाणं चालू असतानाच बाई पुढे आल्या. मी आडवी आले. मी म्हणाले, आता हे इथून हलणार नाही. त्यांनी वादच घातला नाही. मास्कच्या वर त्यांचे डोळे लाल होते. "तुम्ही सही केलीय," त्या हळू म्हणाल्या, "आणि मी नाही काढलं तर ते दुसऱ्या कुणाला पाठवतील. त्याला ते कसं धरायचं हेही माहीत नसेल." मग त्यांनी एकटीनेच कडा उचलली. कापड पेटीच्या कडीत अडकलं होतं, वर पावसाने ओलं झालेलं. ओढताच ते उसवल्यासारखा बारीक आवाज झाला.

"दुसरी बाजू धरा," त्या म्हणाल्या. "फाटेल."

मी धरली. काय करणार होते? फाडून कुणाला न्याय मिळणार होता? आम्ही दोघींनी चादरीची घडी घालावी तशी त्याची घडी घातली, टोकाला टोक, दोन पावलं त्या पुढे, दोन मी. उद्या पुन्हा लढू, हे वाक्य पहिल्यांदाच माझ्या डोक्यात आलं नाही. खड्डा समोर होता. त्याच्यासाठी उद्या कुठला?

फोन मी खुर्चीवर टेकवून ठेवला होता, कॅमेरा आमच्याकडे. गाणं थांबलं होतं.

"ताई," बहीण म्हणाली. ताई हा एवढा एकच मराठी शब्द तिला येत होता, मीच शिकवलेला. पुढचं इंग्रजीत. "आई विचारतेय, त्या बाईला तू मदत का करतेस?"

तीन भाषांत घोषणा देणारी मी. ओलं झालंय, फाटत होतं, असं काहीतरी म्हणाले. बहिणीने ते आईला सांगितलं की नाही, माहीत नाही.

मग बहीण म्हणाली, "आई म्हणतेय, फोन बंद कर. असं तिला बघायचं नाही."

मी बंद केला. बाईंनी खोक्याचं झाकण लावलं, दफनसंस्थेच्या गृहस्थाने घड्याळ पाहून मान हलवली, आणि शवपेटी खाली जाऊ लागली. तेव्हा त्याच्या घरचं कुणीच बघत नव्हतं.