आदर्कीच्या घाटातली जुनी लाइन

आप्पा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी आदर्कीच्या घाटात एकटीच गेले. लहान गेजची गाडी होती तेव्हा ते तिथे रुळांची देखभाल करणारे गँगमन होते. पुढे मोठी लाइन झाली, मार्ग थोडा सरकला आणि जुना डोंगराच्या अंगाला तसाच राहिला. आम्ही सांगलीत वाढलो. आप्पा महिन्यातून एकदा यायचे, जेवायचे, झोपायचे, जायचे. बोलायचे फार कमी. मुलीशी काय बोलावं हे त्यांना कळत नसावं, असं मी धरून चालले होते.

स्टेशनवर उतरून अर्ध्या तासात जुनी लाइन सापडली. रूळ कधीच काढून नेलेले. घाणेरीच्या जाळ्यांतून काळी खडी दिसत होती, म्हणून वाट कळत होती. एका वळणावर ओढ्यावरची दगडी मोरी लागली, तिच्यापलीकडे छप्पर नसलेली चौकी. आत शेळ्यांच्या लेंड्या आणि चुलीचे तीन दगड. त्या खोलीत माणसाला पाय पसरून झोपता येईल एवढीच जागा होती. मी उंबऱ्यावर बसले. खालून एक मालगाडी गेली, आवाज बराच वेळ डोंगरात फिरत राहिला, आणि मग काहीच ऐकू येईना.

शेळ्या घेऊन एक म्हातारी आली. सत्तरीची असेल.

"कुणाच्या तुमी?" तिनं विचारलं.

"माझे वडील इथं गँगमन होते, मावशी. लहान गाडी होती तेव्हा."

ती काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. "तसले लय हुते, बाई. एक मातूर ध्येनात हाय. आमची आय ताक घिऊन यायची तवा तिला बसवून घ्यायचा. लेकीचं सांगायचा. कवा बोलाय लागली, कवा पडली, शाळंत काय म्हनाली. आय म्हनायची, त्येला बोलाय कुनी न्हाई, आयकून घ्यावं."

"कसे होते दिसायला?"

"त्ये आता न्हाई सांगता यायचं. मी बारकी हुते."

"लेक एकच होती का त्यांना?"

"न्हाई बा ठावं."

मी पुढे विचारलं नाही. गँगमध्ये दहा-बारा माणसं, प्रत्येकाला लेकरं असणार. तिनं शेळ्या वळवल्या आणि दुपारच्या गाडीची वेळ झाल्याचं सांगून मला खाली जायची पायवाट दाखवली.

पॅसेंजरमध्ये खिडकीशी जागा मिळाली. सातारा, कऱ्हाड गेलं. धाकट्या भावाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आप्पाच असतील गं." आणि माझे गुडघे दुखतायत का, ते विचारलं.

"दुखतायत," मी म्हणाले.

सांगलीत उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. घर उघडलं, चहा ठेवला. शाळेत मी काय काय म्हणाले असेन, ते आठवायचा प्रयत्न करत बसले. काहीच आठवेना.