अ‍ॅमीटरचा डावा कौल

आमच्या सर्वण गावात एखादी बातमी पसरवायची असेल तर ती मला सांगावी. बातमी माझीच असेल तर सांगायचीही गरज नाही. त्यामुळे मी बाहेरून दहावीला बसते आहे हे पुस्तकं हातात येण्याआधीच अख्ख्या वाड्याला ठाऊक झालं होतं. बाकीचे विषय सुटले, विज्ञान तेवढं राहिलं. शाळकरी मुलगी असताना याच विषयाने मला घरी बसवलं होतं, आणि आता पन्नाशी जवळ आली तर तो पुन्हा दारात उभा! नापास झाले असते तर पाव विकणाऱ्या पोदेरापासून भटजीपर्यंत सगळ्यांनी विचारपूस केली असती. त्याचं मला फार नव्हतं. मी खरंच ढ आहे का, हे मला स्वतःलाच एकदा बघायचं होतं.

माझा नवरा पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता शाळेची बस चालवतो. बोलतो मोजकं, कारण बोलायला घरात मी आहे. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली तेव्हा एका सकाळी मी चहासमोर पुस्तक उघडून रडकुंडीला आले.

"माका ह्यातला एक अक्षर कळत नाय!"

त्याने पुस्तक मिटलं. पोदेराने नुकतेच दिलेले उंडे पाव टोपलीतून काढले आणि मेजावर रांगेत लावले.

"हे ट्रक. खाण डोंगरार, जेटी खाली नदीर. मधलो उतार म्हणजे तुझो व्होल्ट. तासाक किती ट्रक जातत, ता अ‍ॅम्पिअर."

"आणि रोध?"

"डिचोलीचो बाजार."

मी हसले. उतार तोच ठेवा, बाजार अरुंद करा, ट्रक कमी जाणार. म्हणजे व्होल्टला अ‍ॅम्पिअरने भागलं की बाजार किती नडतो ते कळणार! मग त्याने उंड्यांच्या वाटेत एक बशी ठेवली.

"हो अ‍ॅमीटर. आमच्या वजनकाट्यासारखो. सगळ्या ट्रकांनी ह्याच्यावरसूनच जावचा. व्होल्टमीटर वाटेत येवचो नाय. तो बाजूक रवान वरचा नि खालचा टोक बघता."

"आणि वॅट?"

"उतार गुणिले ट्रक. जितको उतार, जितके ट्रक, तितकी धूळ."

मग त्याला स्वतःशीच हसू आलं. नवा असताना त्याने एकदा वजनकाट्यावर उलट्या बाजूने ट्रक चढवला होता, आणि कारकून खिडकीतून केवढ्याने ओरडला होता, "गाडी फिरव रे!" त्यानंतर आम्ही ते सगळे ट्रक भाजीला लावून खाल्ले.

परीक्षा साखळी गावच्या शाळेत होती. त्याने स्कूटरवरून सोडलं. एरवी मी आत शिरेपर्यंत थांबणारा हा माणूस, त्या दिवशी "येतंय" म्हणून घाईने निघून गेला. मला ते लागलं.

प्रयोगशाळेत शिरले तर एक मुलगी मला शिक्षिका समजून उभी राहिली. मी तिला राणीसारखा हात करून बसवलं आणि तिच्याच शेजारी परीक्षेला बसले. सेल जोडले, तारेचं वेटोळं जोडलं, अ‍ॅमीटर वाटेत, व्होल्टमीटर बाजूला. चावी दाबली.

अ‍ॅमीटरची सुई शून्य सोडून डावीकडे गेली आणि कडेला टेकून राहिली.

आमच्याकडे लग्न असो की विहीर, आधी देवीला विचारतात. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डाव्या कौलावर कोणी वाद घालत नाही. मीही घातला नाही. अ‍ॅमीटरला हात जोडून उभी राहिले.

"काकी, बरं नाही का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

आता काय सांगणार, देवी नको म्हणते? तेवढ्यात कानात तो कारकून ओरडला, "गाडी फिरव रे!" मी अ‍ॅमीटरच्या दोन तारांची टोकं आपसात बदलली आणि डोळे अर्धे मिटून चावी दाबली.

सुई उजवीकडे गेली. व्होल्ट तीन, अ‍ॅम्पिअर शून्य पूर्णांक सहा. भागाकार केला, पाच ओहम. गुणाकार केला, एक पूर्णांक आठ वॅट.

"शक्ती म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"धू…" म्हणाले आणि गिळलं. "व्होल्ट गुणिले अ‍ॅम्पिअर."

पुढे मी पास झाले, हे सर्वणात कोणालाही विचारा. पण त्या दिवशी बाहेर आले तर नवरा झाडाखाली उभा होता, कपाळाला कुंकू.

"खंय गेल्लात?"

"देवळात. कौल घेवक."

"काय म्हणाली देवी?"

तो स्कूटरच्या आरशाकडे बघत राहिला. "डावो."

"मगे?"

"भटजीक म्हटलंय, परत लाव. परत डावो. भटजी म्हणालो, पुरे आता. पण उजवो पडेपर्यंत मी थंयसून उठूक नाय."

माझ्यापुढे कधी तोंड न उघडणारा हा माणूस माझ्यासाठी देवीशी वाद घालून आला होता. मी पदराने त्याच्या नाकावर ओघळलेलं कुंकू पुसलं आणि सुईची सगळी गोष्ट सांगितली.

"वॅट किती इलो?" त्याने विचारलं.

"एक पूर्णांक आठ."

"इतकीच धूळ?" म्हणत त्याने स्कूटरला किक मारली.