वाटेत सांगायचं नाही

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. तिथे मी तरुणपणी मशीनवर लागले आणि होता होता लाइनची सुपरवायझर झाले. केस पिकायला लागले तसं ऑफिसने माझ्या गळ्यात आणखी एक काम अडकवलं. जुन्या आणि नव्या माणसांचं जुळवून द्यायचं. त्यासाठी यवतमाळच्या एका हॉटेलात आम्हाला दिवसभर बसवून ठेवलं. कोणत्या वयाच्या माणसाशी कसं बोलावं ते पडद्यावर चित्रं काढून दाखवलं. नागपूरहून आलेला मुलगा छान बोलला. जेवणात बासुंदी होती.

आमच्याकडे भांडण कशावरून व्हायचं ते मात्र त्या पडद्यावर कुठेच नव्हतं. ते व्हायचं सुट्टीवरून, आणि तेही सुट्टी मागायच्या तऱ्हेवरून. नव्या पोरी मोबाइलच्या ग्रुपवर टाकायच्या, 'उद्या येणार नाही.' बस. पुढे ना कारण, ना विनंती. जुन्या बायका सुट्टीसाठी सासूला आजारी पाडायच्या, भाच्यांची लग्नं काढायच्या. एकीच्या भाच्यांची लग्नं तर संपायचं नावच घेत नव्हती. सगळ्यांना सगळं कळायचं. आमचे कटिंग मास्तर म्हणायचे, खोटं का होईना, पण माणूस समोर येऊन उभा राहतो, त्यात समोरच्याचा मान असतो. नव्या पोरी म्हणायच्या, खोटं बोलण्यात कसला आलाय मान? मी दोन्हीकडे मान डोलवायची. मधल्या माणसाला दुसरं काय येतं!

मास्तरांना सगळे मामा म्हणायचे. साठीला टेकलेला, काटकुळा, तापट पण मायाळू माणूस. कापडाचे थर लावून कापणं हे त्यांचं पगारी काम. दुसरं एक काम होतं, ते त्यांना कुणी दिलेलं नव्हतं. कारखान्यातल्या बाईच्या घरचं कुणी वारलं की निरोप मामांकडे यायचा. गावोगावच्या लोकांकडे त्यांचाच नंबर होता. मग मामा त्या बाईच्या मशीनपाशी जायचे, स्वतःच्या हाताने बटण बंद करायचे आणि म्हणायचे, "चाल माय, घरी जाऊन येऊ. तब्येत जराशी नरम हाय." कुणाची, किती, हे ते सांगायचे नाहीत आणि तिनेही विचारायचं नाही. तिच्या शेजारी बसून ते घरापर्यंत जायचे. अंगणातली गर्दी दिसेपर्यंत माणूस गेल्याचा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आमच्याकडची ही रीत जुनीच. मामांनी ती कारखान्यात सांभाळली एवढंच.

माझी आई गेली तेव्हा मलाही त्यांनीच पांढरकवड्याला नेलं. बसमध्ये ते कपाशीचं, उन्हाचं, ड्रायव्हरच्या हाताचं काहीबाही बोलत राहिले. अर्ध्या वाटेत मला कळलं होतं. पण कुणी म्हणत नव्हतं तोवर आई होती. खिडकीबाहेर बघत मी तिला हळूहळू जाऊ दिलं, आणि घरापाशी उतरले तेव्हा पायांवर उभं राहता आलं. त्या प्रवासासारखी माया मला नंतर फार थोड्या माणसांनी केली.

ज्या पोरीची ही गोष्ट आहे ती घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यातली. आईबापाला एकुलती. बापाने दुसऱ्यांच्या वावरात राबून तिला बारावीपर्यंत शिकवलं. महिन्यातून एकदा तो तिला बघायला गेटपाशी यायचा आणि आत ये म्हटलं तरी यायचा नाही. पोरगी मात्र तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. मामांशी तिची रोज कुरबुर चालायची, आणि रोज दुपारी मामा तिच्याच डब्यातली चटणी मागून खायचे.

ऐन उन्हाळ्यात, जेवणाची सुट्टी संपता संपता, मामा माझ्याजवळ आले. तिचा बाप वावरातून येऊन ओट्यावर बसला होता आणि बसल्या जागीच गेला होता. मामांनी तिच्या काकाला बजावून सांगितलं होतं, पोरीला फोनवर एक शब्द बोलू नका, मी तिला घेऊन येतो. दिवस मावळायच्या आत उरकावं लागणार होतं. लगेच निघालो तर ती बापाचं तोंड बघू शकणार होती. मी कारखान्याची व्हॅन काढायला लावली आणि सोबत बाईमाणूस हवं म्हणून मीही निघाले.

मामांनी तिचं मशीन बंद केलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. ती लगेच म्हणाली, "कोणाची तब्येत?" मामा गडबडले. त्यांना या प्रश्नाची सवयच नव्हती. बापाची, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. काय होतंय विचारलं तर म्हणाले, छातीत दुखतंय म्हणे. आम्ही व्हॅनमध्ये बसतो न बसतो तोच तिने काकाला फोन लावला. काका मामांच्या शब्दाला जागला. हो, जरा नरम आहे, म्हणाला. तिने त्याला फैलावर घेतलं. छातीत दुखणाऱ्या माणसाला घरी काय ठेवता, गाडी करा आणि यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणा, मी तिथे थांबते. बिचारा काका काय म्हणणार! हो म्हणाला.

घाटंजीची वाट शहरातूनच जाते. दवाखान्यासमोर तिने व्हॅन थांबवायला लावली आणि उडी मारून उतरली. मामा मागोमाग उतरले, म्हणाले, घरीच जाऊ माय, आधी घरी जाऊ. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मामा, बिमार मानूस इकडे येऊन राह्यला, अन् आपून तिकडे कायले जाचं?"

 आमच्या बायका निमूट गाडीत बसून राहायच्या, म्हणून आजवर ते खोटं निभावून गेलं होतं. ही पोरगी ते खरं मानून कामाला लागली होती.

आत तिची शाळेतली मैत्रीण नर्स होती. हिने तिला शोधून काढलं, डॉक्टरांच्या कानावर घातलं, एक बेड मिळवला. मी तिची बॅग धरून मागे मागे फिरत होते. एकदा वळून ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "ताई, पंख्याखालचा भेटला. त्याले गरमीचा लय तरास होते." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाहेर गेटपाशी मामांचा फोन वाजत होता. पोरगी कुठे आहे, किती वाट बघायची, काका विचारत होता. मामा दर वेळी म्हणत, निघालोच. आत ती काकाला फोन करत होती, आणि तोच काका तिला म्हणत होता, निघालो, वाटेत आहोत. तांडा तिची वाट बघत होता आणि ती तांड्याची. दोन्हीकडची मोठी माणसं तिला जीव लावून खोटं बोलत होती, आणि ऊन उतरत चाललं होतं.

मी मामांना म्हटलं, आता सांगा तिला. ते कडुनिंबाच्या बुंध्याला हात लावून उभे होते.

"असं उभ्या उभ्या? परक्या जागी?" ते म्हणाले. "माह्यानं नाही होत बाई."

त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. ज्या माणसाने मला इतकं जपून घरी नेलं, त्याची रीत त्याच्यादेखत मोडायला माझे पाय उचलत नव्हते. पण आत बापाचं तोंड बघायची तिची वेळ निघून चालली होती. मी आत गेले. ती बेडवरची चादर सारखी करत होती. मी म्हटलं, बेटा, तुझे वडील गेले. दुपारीच गेले.

ती रडली नाही. मामांना माहीत होतं का, तिने विचारलं. मी हो म्हटलं. काकाला? हो. मग माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मी मान खाली घातली. ती मैत्रिणीकडे गेली, बेड नको आता, दुसऱ्या कुणाला दे, असं सांगून बाहेर आली आणि व्हॅनमध्ये पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. घाटंजीपर्यंत मला फक्त तिच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. मामा कपाशीचं बोलले नाहीत, कशाचंच बोलले नाहीत.

तांड्यात फक्त बाया होत्या. पुरुष नाल्याकाठी गेले होते. उजेड जायच्या भीतीने त्यांनी शेवटी तिच्याविनाच उरकलं होतं. ती धावत गेली तेव्हा चितेने चांगला पेट घेतला होता आणि जवळ जाण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिची याडी, म्हणजे आई, तिच्या गळ्यात पडून रडली. ती ताठच उभी होती. काका पाया पडल्यासारखा वाकून काहीतरी सांगत होता. बऱ्याच वेळाने ती मामांपाशी आली. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मामा, तुमी माह्या बापाले माह्यासाठी तेवढा वेळ जित्ता ठेवलं," ती म्हणाली. "पन मले त्याचं तोंड पाहाचं होतं."

मामांनी तिला हात जोडले. ती आईकडे परत गेली.

बापाचे दिवस झाल्यावर ती कामावर आली. मामांशी ती नीट बोलते, हो-नाहीची उत्तरं देते. ती भांडत नाही, हेच मला बघवत नाही. मामा पुन्हा कुणाच्या मशीनपाशी गेले नाहीत. निरोप आला की फोन माझ्या हातात देतात. आता मी केबिनमध्ये बोलावते, पाण्याचा ग्लास ठेवते आणि सरळ सांगते. नव्या पोरी म्हणतात, हेच बरोबर आहे. मलाही तसंच वाटतं. तरी पलीकडचा चेहरा डोळ्यांसमोर एका क्षणात उतरतो, तेव्हा वाटतं, हिला थोडी वाट तरी मिळायला हवी होती.

परवा मामा कापड पसरत असताना मी टेबलाशी उभी होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "तुले पांढरकवड्याले नेलतं, तवा तुलेबी असंच वाटलं होतं काय?"

त्या माणसाने आयुष्यात किती जणींना घरी पोचवलं असेल. आता तो मनात एकेकीच्या दारात परत जात होता आणि कुणाचं काय हिरावलं ते शोधत होता. मी म्हटलं, नाही मामा, तुम्ही होतात म्हणून मी उभी राहिले.

ते अगदी खरं होतं. पण मोठ्यांचं मन राखायला आमच्या वयाच्या बायका काय काय बोलतात, हे मामांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी मान हलवली, कापडाची सुरकुती काढली, आणि मला दिसलं की त्यांचा माझ्यावर विश्वास बसला नाही.