रेडिओच्या खरखरीत

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि भुतांच्या सिनेमांवर तर मुळीच नाही. त्यातली माणसं दिवा न लावता जिना उतरतात, तिथेच माझं मन उडतं. तरी तसला एक सिनेमा मी ताईकडे राहायला गेले असताना शेवटपर्यंत पाहिला. भावोजींना जाऊन थोडेच महिने झाले होते आणि तिला एकटीला टीव्हीपुढे सोडवेना. हिंदीत डब केलेला होता. एक बाई मेलेल्या भावाचा आवाज टेपवरच्या खरखरीत शोधत बसते आणि तो तिला सापडतो. पुढे जे व्हायचं ते होतं.

मी मोहोपाड्याला परत आले आणि सिनेमा विसरले. ताई विसरली नाही.

भावोजींच्या दहाव्याला पाताळगंगेच्या काठी पिंडाला कावळा शिवला नव्हता. समोरच्या झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. मग आपल्याकडे करतात तसं झालं. एकेक जण पुढे होऊन, हात जोडून गेलेल्या माणसाला शब्द देऊ लागला. पोरीला शिकवू, आईला अंतर देणार नाही, घराचं राहिलेलं काम पुरं करू. ताईच्या धाकट्या दिराने तर दारू सोडायचंही कबूल केलं. ती त्याने अजून सोडलेली नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे जेवायला मोकळे झाले.

ताई मात्र तिथेच अडकली. तिला घाटावर एक गोष्ट बोलायची होती आणि चारचौघांत तिची जीभ रेटली नव्हती. भावोजी रसायनीला एका कारखान्यात होते. त्या दिवशी सेकंड शिफ्टला निघताना छातीत जळजळतंय म्हणाले, तेव्हा हिने त्यांच्या हातावर चिमूटभर ओवा ठेवला आणि बस चुकेल म्हणून घाई केली. ते शिफ्टमध्येच गेले. हे तिने फक्त मला सांगितलं होतं. ते आपल्यावर रागावून गेले, म्हणूनच कावळा शिवला नाही, असं तिने पक्कं धरलं होतं. मी समजावलं की ती हूं म्हणायची. निवाडा तिला त्यांच्याच तोंडून हवा होता.

टीव्हीवर हल्ली खरखरणाऱ्या मुंग्या येत नाहीत, ‘नो सिग्नल’ अशी सभ्य पाटी येते. म्हणून तिने भावोजींचा जुना रेडिओ काढला. दुपारची जेवणं उरकली की ती तो दोन स्टेशनांच्या मधे लावायची, पुढ्यात मोबाइल रेकॉर्डिंगला ठेवायची आणि खोली रिकामी सोडून वालाच्या शेतात जायची. सिनेमातली बाईही खोली रिकामी ठेवत असे. पोरगी शाळेत, घरात मागे फक्त ताईच्या सासूबाई. मुलगा गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ टाकलंच होतं. हे काय चाललंय, असं त्यांनी एकदा हातानेच विचारलं, तेव्हा ह्यातून गेलेल्या माणसाशी बोलणं होतं, असं ताईने घाईत सांगून टाकलं.

एका रविवारी तिचा फोन आला, लगेच ये. गेले तर ती मोबाइल पदराखाली धरून आतल्या खोलीत बसलेली. आवाज आलाय, पण पुढे ऐकायचा धीर होत नाही, असं म्हणाली. मला तिची कीव आली आणि थोडा रागही. मी रेकॉर्डिंग लावलं.

बराच वेळ नुसती खरखर. मधेच भंगारवाल्याचा टेंपो ओरडत गेला. मग दार करकरलं, पावलं घासत आली, आणि कोणीतरी अगदी जवळ खाकरलं. इथेच ताईने बंद केलं होतं. मी बंद केलं नाही.

“आयकतोस ना रं?” सासूबाईंचा आवाज होता. त्यांनी ताईचं म्हणणं सरळ घेतलं होतं. फोन म्हटल्यावर आपण बोलायचं. “छातीत जळतंय असं मला बोललास तू. मीच बोलले, काय होत नाय, जा ड्युटीवर. तिला नाय सांगितलं मी. सांगितलं तर ती मला घरात ठेवायची नाय. तू रागावलास ना माज्यावर? म्हनून कावळा नाय शिवला.”

पुढे पुन्हा खरखर होती.

ताई उठली. सासूबाई पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, आणि मला वाटलं आता काहीतरी वाकडं बोलणार. ती म्हणाली, “आई, ते मला पन बोलले होते. मी पन जा म्हटलं.”

म्हातारीचे हात थांबले. तिने शेंगा बाजूला सारल्या.

“मंग येवढे दिस एकलीच घेऊन बसलीस व्हय गं?” म्हातारीने विचारलं.